केवड्याचं भेटकार्ड

आमच्या आबांना आकुर्डीत चिमाजी फोटोवाला म्हणत. फोटोवर पोट नव्हतं, पोट देहूरोडच्या डेपोतल्या नोकरीवर. तिथून निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी जुना डबा कॅमेरा घेतला आणि माणसं सोडून फुलांच्या मागे लागले. फुलं जवळून नीट येत नसत, म्हणून आजीच्या चष्म्याची काच काढून कॅमेऱ्यापुढे बांधली. आजी मग तांदळातले खडे चाचपून काढायची आणि लेकाचा उद्धार करायची.

फोटो असत संक्रांतीच्या भेटकार्डांसाठी. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं फूल, खाली आबांच्या अक्षरात ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. फोटो काळापांढरा. त्यात रंग भरायची त्यांची धाकटी बहीण, माझी इंद्रायणीआत्या, काडीला कापूस गुंडाळून. फूल माणूस बघून निवडलेलं असे. लग्नघरी झेंडू, मास्तरांना सरस्वतीचं कमळ, बांधावरून अबोला धरलेल्या भावांना अबोली. यंदा आपल्याला काय येतंय याची गाव वाट बघे, आणि कोणाला काय आलं यावर पारावर आठवडाभर चर्चा चाले.

सोपानराव आबांचे जिवलग. दोघं एका ताटात जेवलेले. त्यांच्याकडे दरवर्षी पहिलं कार्ड जाई.

पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना उभा राहत होता त्या सुमाराला आत्याला महाळुंग्याचं स्थळ आलं. हिंदुराव मध्यस्थ होते. मुलगी पसंत पडली. पाहुणे रिवाजाप्रमाणे म्हणाले, गावात जरा चौकशी करतो. आबा म्हणाले, “सोपानला इचारा की. त्यो आमच्या घरातलाच हाय.”

पाहुणे सोपानरावांकडे चहा प्यायले आणि परत आमच्याकडे आलेच नाहीत. ज्येष्ठ महिना लागायच्या आत त्या घरात सोपानरावांची बहीण सून म्हणून गेली. नशिबात नव्हतं म्हणून आबांनी मन मोठं केलं. त्या लग्नासाठी झेंडूचं कार्डसुद्धा केलं. आत्यानं ते रंगवलं. माझ्या अंगाची आजही लाही लाही होते!

पुढे चाकणच्या बाजारात हिंदुरावांनी आबांना बाजूला घेतलं. “चिमाजी, पोरीला फेफरं येतं हे आधी सांगायचं व्हतं रं.”

“कुणाला येतं?”

“सोपानच म्हनला. त्याच्या डोळ्यांदेखत पडली, म्हनला.”

जत्रेत उन्हानं आत्याला एकदाच चक्कर आली होती. तोंडावर पाणी मारणारे सोपानरावच होते. खरं काय ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

आबा भांडायला गेले नाहीत. चावडीवर बोभाटा झाला असता तर पोरीचंच नाव गावभर झालं असतं. पण घरी ते जेवत नव्हते. आईला म्हणत, शत्रूनं केलं असतं तर मी बसून जेवलो असतो.

हरतालिकेला बाजारात केवडा येतो. आबांनी एक कणीस आणून त्याचा फोटो काढला. ब्रह्मदेवासाठी खोटी साक्ष दिली म्हणून शंकरानं केवड्याला शाप दिला, ही गोष्ट आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. आबांचं म्हणणं एवढंच होतं, की गावानं ते फूल ओळखावं आणि एकानं तरी सोपानला तोंडावर विचारावं, तू खोटं का बोललास? म्हणजे बहिणीवरचा डाग जाईल.

आत्यानं पात न् पात पिवळी रंगवली. संक्रांतीला कार्ड गेलं.

सोपानरावांनी ते चौकटीत बसवून ओटीवर टांगलं. त्यांना अर्थ कळला नाही असं नव्हे. लपवलं असतं तर कबुली झाली असती. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दाखवत, “आमच्या चिमाजीनं दिलंय.” लोक बघत, ओळखत, तिळगूळ खात आणि गोड बोलून घरी जात. गावाला फूल कळलं होतं. वाईटपणा मात्र कोणालाच नको होता.

रथसप्तमीच्या आधी त्यांच्या घरी हळदीकुंकू होतं. आई आत्याला घेऊन गेली. न जावं तर लोक म्हणणार, पोरगी आजारी दिसते. ओटीवर बायकांची गर्दी होती. सोपानरावांची आई शालनबाई ते कार्ड मिरवत म्हणाली, “इंद्रायणे, रंग तूच भरलास न्हवं? लई ग्वाड केलंस बाई.”

आत्या उभी राहिली. “केवडा हाय त्यो, काकू. खोटी साक्ष दिलेला. मला फेफरं येत न्हाई. तुमच्या सोपानदादानं माझं ठरलेलं लगीन मोडलं, आन् तितं आपली बहीण दिली.”

आत्याचा आवाज कापत होता, हातही कापत होते. शालनबाईनं तिच्याकडे टक लावून बघितलं आणि मायेनं ओरडली, “अगं बया, आलं पोरीला! धरा, धरा तिला! कांदा फोडून आणा कुनीतरी!”

आई सांगत राहिली, तिला काही झालेलं नाही, सोडा तिला. पण चारचौघींनी आत्याला खाली बसवलं, दंड धरले आणि फोडलेला कांदा नाकाशी दाबला. सगळ्या जणी फार प्रेमानं वागत होत्या. आत्याच्या डोळ्यांना पाणी लागलं तशी शालनबाई म्हणाली, “आली बघा शुद्धीवर.”