आधी एप्सिलॉन येऊ द्या

येरवड्याच्या महिपती वाघचौरे यांचा उभा जन्म एसटीच्या चौकशी खिडकीत गेला. माणूस खिडकीशी आला, की त्याची पिशवी, टोपी आणि घाई पाहूनच ते उत्तर देऊन टाकत. "बार्शी लागलीय. पळा." प्रवाशाला तोंड उघडावं लागत नसे. एखाद्याला बार्शीला जायचंच नसे. पण महिपतींचा आवाज इतका ठाम, की तोही चार पावलं पळे आणि मग थांबून विचारात पडे.

बारावीनंतर लगेच ही नोकरी लागली आणि गणिताची पदवी राहून गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी विद्यापीठात बी.एस्सी.ला नाव घातलं. वर्गातली मुलं त्यांना काका म्हणत आणि पहिल्या बाकावर त्यांची जागा राखून ठेवत. यात आदर होताच, पण काका मागे बसले की मागच्यांना शंका काढता येत नसे. शंका ओठांवर यायच्या आत काकांचं उत्तर तयार.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर रिअल अ‍ॅनालिसिस आलं.

पूर्णिमा मॅडमनी लिमिट शिकवायला घेतलं. "समोरचा सांगणार, मला उत्तरात एवढीच चूक चालेल. तो एप्सिलॉन. मग तुम्ही सांगायचं, त्यासाठी एक्सने ठरल्या आकड्याच्या किती जवळ राहायला हवं. तो डेल्टा. कळलं?"

"एक शतांश," महिपती म्हणाले.

"काय एक शतांश?"

"डेल्टा. पुरेल."

"कशाला पुरेल, काका? मी अजून काही मागितलंच नाही."

वर्ग हसला. महिपतीही हसले, आणि पुढच्या उदाहरणाला पुन्हा डेल्टा आधी सांगून मोकळे झाले. चाचणीत तेच. प्रत्येक उत्तराची सुरुवात डेल्टाने, आणि एप्सिलॉन कुठे खाली, वेंधळ्या प्रवाशासारखा उशिरा आलेला. मॅडमनी शेवटी लाल शाईत लिहिलं, 'गाडी प्रवाशाआधी सुटली.'

आता तोंडी परीक्षा उरली होती. त्यात नापास झाले तर विषय गेला. आणि महिपतींनी बायकोला, मुक्ताबाईंना, आवेशात सांगून ठेवलं होतं, "हा विषय सुटला नाही तर नाव काढून घेईन आणि तुझ्या हास्यक्लबात येईन." पहाटे बागेत हात वर करून विनाकारण हसायचं, या कल्पनेनेच त्यांना घाम फुटे. मुक्ताबाईंनी मात्र क्लबात सांगूनही टाकलं होतं.

तरी नवऱ्याचं उतरलेलं तोंड त्यांना बघवेना. त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि म्हणाल्या, "मला शिकवा बघू. समजा, चहा मला रोजच्यासारखाच गोड हवा. थोडा फरक चालेल. तर साखर किती इकडेतिकडे—"

"पाव चमचा."

"अहो, मला किती फरक चालेल ते मी सांगितलंय का?"

"नाही."

"मग? मला बघायला आलात तेव्हाही असंच. माझ्या मावशीने विचारलं, मुलगी कशी— तर म्हणे पसंत आहे! ती विचारत होती, मुलगी कशी दिसतेय तिथून, नीट ना, की खुर्ची सरकवू."

महिपतींनी साखरेचा डबा पुढे ओढला. मग म्हणाले, "पुन्हा विचार." त्या संध्याकाळी चहा पुन्हा पुन्हा झाला आणि मुक्ताबाईंना कधी नव्हे ती वाक्यं शेवटपर्यंत बोलायला मिळाली.

तोंडी परीक्षेला मॅडमनी फळ्यावर लिहिलं: तीन एक्स अधिक दोन. "एक्स दोनकडे जातो तेव्हा लिमिट आठ. दाखवा."

महिपती खडू घेऊन उभे राहिले. बोलेचनात. मॅडमनी घड्याळ पाहिलं. "काका, बरं वाटत नाहीये का?"

"वाटतंय. तुमचा एप्सिलॉन यायचाय."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "दिला. शून्याहून मोठा, कितीही लहान."

"झालं तुमचं बोलून?"

"झालं."

"मग डेल्टा त्याचा तिसरा हिस्सा." आणि त्यांनी फळ्यावर एकेक ओळ मांडून दाखवली. कुठेही घाई नाही. मॅडमनी तिथेच सांगितलं, "पास."

घरी दार उघडत मुक्ताबाई म्हणाल्या, "काय हो, परीक्षेचं—" आणि सवयीने थांबल्या. आजवर इथे उत्तर येत असे. आज आलं नाही. महिपती नव्या शिस्तीने प्रश्न पुरा होण्याची वाट पाहत उभे होते.

त्यांचा गंभीर चेहरा पाहून मुक्ताबाईंचा जीव हळहळला. "जाऊ द्या हो," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "हास्यक्लब काही वाईट नाही. पहिले काही दिवस कसंतरी वाटतं. मी तुमच्या शेजारीच उभी राहीन."

"तुझं झालं बोलून?"

"झालं."

"पास झालो."

मुक्ताबाईंनी कपाळाला हात लावला. "मग हे आधी सांगता येत नव्हतं?"