सुर्ल्याची झर आणि राजपुत्राचा डोंगर

चीनला जायचं आईने ठरवलं, मी नाही. सुर्ल्याला आमच्या घरामागच्या डोंगराचा एक तुकडा खाणीतून वाचलाय. त्याच्या पोटातली झर आमच्या कुळागरातल्या, घरच्या बागेतल्या, पोफळी-नारळांना पाणी देते. बंद पडलेली खाण परत सुरू होणार म्हटल्यावर गिऱ्हाईक घिरट्या घालू लागलं. जमीन आई आणि काकांची सामाईक. बाबा गेल्यापासून काकांचा रोज एकच धोशा, "वैनी, सगळे विकतात. तूंच एकली आडमुठी."

"आमचो बाकीचो डोंगर चीनाक गेलो न्हय रे?" आई म्हणाली. "खंय गेलो तो बघून येतां. मगे सांगतां."

काकांना ती थट्टा वाटली. मी वास्कोच्या बंदरात नोकरी करते, खनिज भरलेली जहाजं चीनला जाताना रोज बघायचे. मी सरळ रजा टाकली.

दाबोळीहून विमानाने मुंबई, मग बीजिंग. पहिल्या दिवशी उंच इमारतींकडे मान वर करून आई म्हणाली, "ह्यात आमचो खंयचो?" आमच्या खनिजाचं पोलाद ह्यातल्या कुठल्या इमारतीत गेलं, कोणाला ठाऊक. खाण्याची काळजी करू नका. भाजीचं पुरण भरलेले वाफवलेले पाव मिळतात, आणि गरम पाणी कुठेही फुकट, त्यामुळे थर्मास जवळ ठेवा. आईने आपली कोकमाची सोलं नेली होती, रोज कढी झाली.

दुसऱ्या दिवशी एका जुन्या राजपुत्राचा वाडा. सोमवारी बंद असतो. तिकीट आधी काढा, पासपोर्ट लागतो. मेट्रोपासून थोडं चालावं लागतं. चौकामागून चौक ओलांडत शेवटी बाग लागते. तळं, बांबू, आणि मधोमध दगडांवर दगड रचून केलेला डोंगर. लोक फोटो काढण्यात दंग होते. आमची वाटाड्या लिन इंग्रजीत सांगत होती, मी आईला आपल्या भाषेत सांगत होते. दगड लांबून आणलेले. माथ्यावर रांजण ठेवलेत, बुडाला भोक पाडलेले. नोकर वर पाणी वाहून नेत आणि ते दगडांवर झिरपत राही, शेवाळ धरावं म्हणून.

"म्हणजे डोंगर बांदलो, आनी मागीर ताका पाझर फोडूंक माणसां लायलीं?"

"होय."

आई हसली नाही. तिने दगडावर हात ठेवला. दगड कोरडा होता. मग ती बाकावर बसली आणि म्हणाली, "चल घरा."

परत आलो तेव्हा काका ओसरीवर होते. "बघलो गे तुजो डोंगर?"

आईने चपलासुद्धा काढल्या नाहीत. झरीवर गेली, तांब्या भरून आणला आणि काकांच्या हातात दिला.

"थंयच्या राजाक पाणी खांदार घेवन डोंगरार चडोवचें पडलें. माजें आपशीच देंवून दारांत येता. हांव विकचें ना."

काका प्यायले. तांब्या खाली ठेवून म्हणाले, "गिरायक परत येतले, वैनी."

"येवंदी. पियेवंक पाणी दितलें."