खिडकीजवळचा बाक

महागावजवळच्या आमच्या गावात नववीच्या वर्गातल्या एका बाकाला लोक भीत. मुलींच्या रांगेतला शेवटचा, मोडक्या खिडकीजवळचा. त्यावर बसलेली मुलगी परीक्षेपर्यंत टिकत नाही, असा समज होता, आणि घडतही तसेच होते. कुणीतरी त्यावर लिंबू ठेवून जाई. एका वर्षी मुख्याध्यापकांनी तो बाक व्हरांड्यात टाकला आणि त्या जागी नवा आणला. होळीच्या आधी तोही रिकामा झाला. मी एकदा दुपारी वर्गात डोकावलो, तर बाकी वर्ग भरलेला आणि तेवढ्याच फळीवर उन्हाचा पट्टा. गुरुजी त्या बाजूला न पाहता शिकवत होते.

पुढल्या वर्षी माझी पुतणी तिथे बसली आणि संक्रांतीनंतर घरीच राहिली. परीक्षेला बसवायचे नाही, असे भावाने ठरवले. वहिनी मला म्हणाली, “बाकानं खाल्लं तिले, भाऊजी. पोरीची रासच हलकी.”

मला मोजल्याशिवाय पटत नाही. आधी त्या बाकावर बसलेल्या मुलींच्या घरी मी एकेक करून गेलो. कुणी म्हणे पोरीचे डोके चालत नव्हते, कुणी म्हणे नजर लागली. मी एवढेच विचारायचो, की दिवाळीनंतर मुलगी शाळेत कधी गेली आणि घरी कापूस कोण वेचत होते. उत्तर सगळीकडे एकच निघाले. बोंडअळीच्या त्या वर्षांत बोंडे नीट फुटत नव्हती. कापूस बोटांनी निघेना. किलोवर मजुरी घेणाऱ्या बाया असल्या शेतात यायला तयार नव्हत्या, आणि वाढीव दर द्यायची ऐपत नव्हती. म्हणून घरच्या पोरी वेचायला जात. त्या उशिरा शाळेत पोचत तोवर चांगल्या जागा भरलेल्या असत. उरे तो खिडकीजवळचा. म्हणजे बाक कुणाला घालवत नव्हता. निम्म्या गेलेल्या मुलीच त्याच्यापर्यंत येत होत्या. त्यांचे भाऊ त्याच शाळेत होते. त्यांच्या राशीबद्दल कुणी काही बोलत नव्हते.

हे सांगायला मी भावाच्या शेतात गेलो. आज आमच्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, अशी आपसात वेचणी चालू होती. बांधावर चढलो आणि थांबलोच. वेगवेगळ्या वर्षी त्या बाकावर बसलेल्या चौघी, पुतणीसकट, कपाशीच्या चार ओळी, म्हणजे पाती, धरून पुढे सरकत होत्या, बाकावर आल्या त्याच क्रमाने. वारा नव्हता. कुणी बोलत नव्हते. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीत ओढणी अडकली की तेवढा आवाज येई.

भावाने माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, “तुह्या हिशेबानं कापूस वेचल्या जाते का? बाकाचं नाव घेतलं म्हणजे कोनाले दोष तरी नाही.”

पुतणी पाठ सरळ करून उभी राहिली. “बाबा, मी त्या बाकावर बसली तरी किती? तुमी तं मले इथंच बसवलं.”

धरलेली पात अर्धवट सोडायची नाही, अशी आमच्याकडची रीत. सोडली तर दुसऱ्याने ती शेवटपर्यंत न्यायची. मी चपला बांधावर काढल्या, तिच्या कमरेची कापसाची ओटी सोडून माझ्या कमरेला बांधली आणि भावाला म्हणालो, “परीक्षेपर्यंत तिची पात माह्याकडं.”

तो नाही म्हणाला नाही. ती हात झटकून शाळेच्या पायवाटेला लागली. आधी हळू चालली, मग पळाली.

मी वाकलो. सुकलेल्या बोंडाचे टोक नखात गेले. थोड्या वेळाने जाणवले, की शेजारच्या पातींतला आवाज थांबला आहे. मान वर केली. तिघीही उभ्या होत्या. माझ्याकडे कुणीच पाहत नव्हते. आपलीही पात घ्यायला कुणी येते का, म्हणून तिघींची तोंडे बांधाकडे होती, आणि बांधावर कुणी नव्हते.