मेहुण्याचा फॉर्म सोळा

माजलगावकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी बारा वर्षं मुनीम होतो. पगाराचं रजिस्टर मीच लिहायचो, पण त्यात माझं नाव नव्हतं. माझा पगार शेठ रोख, पाकिटात द्यायचे. मला त्याचा केवढा तोरा! मेहुणा जिल्हा परिषदेत मास्तर. मार्चमध्ये त्याचा पगार कर कापून हातात यायचा, तेव्हा मी चारचौघांत हसायचो, "मास्तर, पोसा सरकारला!"

घराच्या कर्जासाठी बँकेनं आयकराचे रिटर्न मागितले, तेव्हा माझ्याकडं दाखवायला कपटाही नव्हता. शेठकडं पगाराचा दाखला मागितला, तर म्हणाले, "तुमी आमच्याकडं होता, हे लिवलंय कुठं?" लिहिणारा तर मीच होतो. कर सल्लागार म्हणाला, "रोख घेतल्यानं कर माफ होत न्हाई. भरायचा तुमीच होता."

मागचा कर दंड-व्याजासकट भरला. तरी बँकेला पगारदार जामीन हवाच होता. मेहुणा फॉर्म सोळा, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, घेऊन बँकेत आला. मी ज्याला हसायचो, तो कापलेला कर त्यावर लिहिलेला होता आणि बँकेचे साहेब तोच आकडा बघून मान डोलवत होते. मेहुण्यानं खिशातलं पेन काढलं आणि एवढंच विचारलं, "दाजी, सही कुठं करू?"