गोड्या पाण्याचा ड्रम

दिवा स्टेशनजवळच्या माझ्या खोलीत पलंगाखाली नऊ वर्षं एक मेलेलं इंजिन पडून होतं. होडीच्या मागे लावतात ते. वर डोकं, मध्ये लांब दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा. पाहुणे विचारायचे, हे काय आहे, आणि बायको म्हणायची, "ह्यांचा हट्ट आहे." तो हट्ट नव्हता, पुरावा होता. माझ्या थोरल्या भावाने बाबांचं इंजिन मारलं, याचा पुरावा. असला पुरावा कोण टाकून देईल?

आम्ही खाडीकाठचे कोळी, ठाण्यात कोपरीच्या बाजूचे. बाबांचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी त्यांच्या हयातीत पाहिला नाही. होडी काठाला लागली की आधी इंजिन उतरायचं, मग मासळी. इंजिन गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून दहा मिनिटं चालवायचं. खाडीचं पाणी इंजिनाच्या पोटातून फिरून त्याला थंड ठेवतं, पण तेच खारं पाणी आत राहिलं तर मीठ धरतं आणि सगळं जाम होतं. याला आमच्या घरात पाणी मारणं म्हणतात. प्यायच्या पाण्याची मारामार असली तरी इंजिनाचा ड्रम भरलेला असायचा, आणि त्यावरून आय रोज तोंड सोडायची.

बाबा गेले ते पावसाळ्याच्या तोंडावर. त्यांच्या अस्थी त्यांच्याच होडीतून, त्याच इंजिनावर, खाडीत नेल्या. दादा इंजिनावर होता, मी मडकं मांडीवर घेऊन पुढे बसलो होतो. परत आलो तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं, गेलेल्या माणसाच्या वस्तूंना दहाव्यापर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे पाणी मारायचं नाही. दहावं झालं, तेरावं झालं, पाऊस सुरू झाला. होडी वर ओढली, इंजिन कोपऱ्यात गेलं. नारळी पौर्णिमेला सगळ्या वस्तीच्या होड्या सजल्या. आमचीही सजली, इंजिनाला हळदकुंकू लावलं, दादाने दोरी ओढली आणि दोरी जागची हललीच नाही. इंजिन आतून दगड झालं होतं.

"पाणी मारलं नाहीस," मी म्हणालो. काठावर सगळी वस्ती उभी होती आणि मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "तू बापाचं इंजिन मारलंस."

दादाने हातातला नारळ काठावर ठेवला आणि घरी निघून गेला. त्या वर्षी आमची होडी गेली नाही. लगेच वाटण्या झाल्या तेव्हा तो म्हणाला, होडी मला. मी म्हणालो, मग इंजिन मला. मेलेलं इंजिन घेऊन मी काय करणार होतो? काही नाही. फक्त त्याला मिळू नये. मी तेव्हा मोहने गावातल्या कारखान्यात फिटर होतो, आता डोंबिवलीत पंप दुरुस्त करतो, खाडीशी माझा तसा संबंध उरला नव्हता. दादाने दुसरं जुनं इंजिन आणलं आणि धंदा चालू ठेवला. आम्ही लग्नामयताला भेटायचो, तेही माना दुसरीकडे वळवून.

गेल्या वर्षी आयने फोन केला. ती दादाकडे असते, गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे.

"आवंदा पुनवेला मना होरीन बसाचंय," ती म्हणाली. "तुज्या बापाच्या इंजिनावर. आनि तुमी दोघंव पायजे."

"इंजिन मेलंय, आय."

"मंग जितं कर. फिटर कना तू?"

मी होकार दिला, पण फुकट दिला नाही. म्हटलं, इंजिन चालू करून देतो, पण दादाने माझ्या दारात यायचं आणि स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं की चूक त्याची होती. तुझ्यासमोर. मग खुशाल घेऊन जावं. आयने तो निरोप पोचवला आणि दुसऱ्या दिवशी उत्तरही पोचवलं. दादा म्हणाला होता, त्याला सांग, इंजिन डोक्यावर घेऊन नाच.

ते ऐकून मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही. भांडायला समोर कोणी असलं की हात चालतात. त्याच रविवारी इंजिन बाहेर ओढलं, दाराबाहेरच्या पडवीत लाकडी घोड्यावर चढवलं. त्याला येऊ दे नाहीतर न येऊ दे, मी हे चालू करणार, मग वस्ती त्याला विचारेल, धाकट्याने खोलीत बसून चालू केलं ते तुला होडीवर असून का नाही जमलं?

बायकोने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ह्या डबड्याला माझ्या घरातलं एक थेंब पाणी मिळणार नाही." दिव्यात राहणाऱ्या बाईने हे म्हटलं की ते गमतीत नसतं. नळाला तासभर पाणी, तेही कधी येतं कधी येत नाही, आणि मी दोनशे लिटरच्या ड्रमची भाषा करत होतो. शेजारीण रॉकेलच्या वासावरून भांडून गेली. वरच्या मजल्यावरचा म्हातारा येऊन म्हणाला, "इथे समुद्र आहे का रे?"

तीन रविवार नुसते बोल्ट सोडवण्यात गेले. खाऱ्या हवेतला बोल्ट जोर लावला की तुटतो. त्याला गरम करायचं, तेल पाजायचं, थोडा ढिला करायचा, परत आवळायचा, परत ढिला करायचा. माझ्यासारख्या तापट माणसाने हे काम करूच नये. प्रत्येक बोल्टला मी दादाच्या नावाने शिवी दिली आणि बोल्ट निघत गेले. चौथ्या रविवारी खालचा पाय, म्हणजे दांडा आणि पंख्याचा भाग, वरच्या इंजिनापासून सुटला.

सहज म्हणून मी वरचं चाक हाताने फिरवलं. ते फिरलं. जड फिरलं, पण पुरतं फिरलं.

मला ते आवडलं नाही. डोकं उघडलं. ज्या वाटांतून पाणी फिरतं तिथे मिठाचे खडे बसले असतील अशी माझी नऊ वर्षं खात्री होती. तिथे पांढरी पूड होती, तारेने खरवडली तर निघून गेली. एका खेपेचं मीठ, त्याने इंजिन मरत नाही. मग जाम काय झालं होतं? मी खालचा पाय मांडीवर घेतला. तिथला दांडा हलत नव्हता. गिअरच्या पेटीचा स्क्रू काढला तर तेलाच्या जागी गंजाचं लाल पाणी आलं. पेटीत पाणी शिरलं होतं आणि पावसाळाभर आत बसून गिअर गंजून एकमेकांना चिकटले होते. पाणी शिरायला एकच जागा, पंख्यामागचं सील. पंखा उपसून काढला.

पंख्यामागे दांड्याला जाळ्याचा निळा नायलॉन दोरा गुंडाळलेला होता. घट्ट, वेढ्यावर वेढे. त्याने रबरी सील कापून टाकलं होतं. हे होतं, कोळ्यांना माहीत असतं, खाडीत दोरे काय कमी असतात? पण ह्या दोऱ्याला एक गाठ होती आणि गाठीत लाल कापडाची चिंधी अडकलेली होती.

बायको चहा घेऊन आली होती. तिने चिंधी पाहिली आणि कप खाली ठेवला. अस्थींच्या मडक्याचं तोंड तिनेच लाल कापडाने झाकलं होतं. बांधायला सुतळी मिळेना म्हणून मी जाळ्यातला निळा दोरा कापून बांधला होता. मी. दुसऱ्या कोणी नाही.

आणि मग जे नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं ते आठवलं. खाडीच्या मध्यावर मी दोरा सोडवत होतो आणि मागून दादा ओरडत होता, "थांब, इंजिन बंद करू दे! टाकू नको!" बाबांनी आम्हाला लहानपणापासून हेच शिकवलं होतं, इंजिन चालू असताना पाण्यात काही टाकायचं नाही. मी रडत होतो, चिडलो होतो, माझ्या बापाला पोचवतानाही हा मला हुकूम सोडतोय म्हणून. मी मागे न बघता दोरा आणि कापड पाण्यात भिरकावलं.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं.

"काय करायचं? सील बदलायचं."

ती चहा तसाच ठेवून आत गेली. मी दोरा कापून काढला आणि स्क्रूच्या डब्यात टाकला. फेकून का दिला नाही, माहीत नाही.

सील आणि बेअरिंग पंपांच्या मालातून जुळली. गिअर रॉकेलमध्ये बुडवून, घासून वापरण्याजोगे झाले. हात काम करत होते, पण शिव्या द्यायला आता कोणी नव्हतं आणि तेच काम मला दुप्पट जड झालं. मनात मी एकच गोष्ट घोकत होतो, दादा येणार नाही. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. तो डोक्यावर घेऊन नाच म्हणाला आहे, तो येणार नाही.

पौर्णिमेला चार दिवस होते तेव्हा दारात टेम्पो थांबला. पुढे आय बसली होती. मागे निळा ड्रम होता, तोंडापर्यंत भरलेला, वर फळी बांधून हिंदकळू नये म्हणून प्लास्टिक ओढलेलं, आणि त्याला धरून दादा उभा होता. कपडे अर्धे भिजले होते.

"तुज्याकडं पान्याची बोंब," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "म्हनून घरून आनलंय."

ड्रम टेम्पोतच ठेवला. इंजिन आम्ही दोघांनी उचलून आत उभं केलं, तो डोक्याकडून, मी पायाकडून. दोरी मी ओढली. तिसऱ्या खेपेला इंजिन पेटलं, निळा धूर गल्लीभर झाला, शेजारणीने धाडकन खिडकी लावली आणि पाणी आत फिरत असल्याची खूण म्हणून बाजूच्या भोकातून बारीक धार पडायला लागली. आय टेम्पोच्या सीटवर डोळे मिटून ऐकत होती. दहा मिनिटं दादाने घड्याळात बघून मोजली, बाबा मोजायचे तशी. मग इंजिन बंद केलं.

"माजीच चूक होती," तो म्हणाला. घोकून आल्यासारखा, जमिनीकडे बघत. "बायका नाय म्हनल्या तरी पानी माराला पायजे व्हतं. थोरला मी व्हतो. बापाचं इंजिन माज्या हातानं मेलं. नऊ वर्सं झोप नाय नीट. झालं तुजं समाधान?"

आय माझ्याकडे बघत होती. बायको दारात उभी होती, तीही माझ्याकडे बघत होती. स्क्रूचा डबा माझ्या पायाजवळ होता.

"जाऊ दे आता," मी म्हणालो. मोठ्या मनाने माफ करावं तसं म्हणालो.

पौर्णिमेला आय होडीत बसली. मी पुढे, दादा इंजिनावर, आयच्या मांडीवर नारळ. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याने काठावरून माझं कौतुक केलं, धाकट्याने नाव राखलं म्हणाला. दादाने मान हलवली. इंजिन चांगलं चाललं.

आता तो तेच इंजिन वापरतो. खाडीतून परत आला की फोन करतो, एकदाही चुकत नाही. बायको फोन वाजला की उठून आत जाते.

"मारलं रे पानी," दादा सांगतो. "पुरी दहा मिंटं."

"बरं केलंस," मी म्हणतो.