आनंदाबाई बाहेर जाते

आनंदाबाईचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून. तरी मी दिघोरीत नवी सून म्हणून आले तेव्हा कितीतरी दिवस मला तिचा फक्त आवाज माहीत होता. तिचा नवरा वासुदेवराव दारापुढच्या छपरीत आरामखुर्ची टाकून बसलेला असायचा. धानाची शेती गड्यांच्या जिवावर आणि हा दारावर! ती परसात माझ्याशी दोन शब्द बोलली, की आतून खाकरल्याचा आवाज यायचा आणि तिचं वाक्य अर्धंच राहायचं. मला त्या माणसाचा भारी राग यायचा.

मारहाण नव्हती, खोटं कशाला बोलू. हात त्यानं कधी उगारला नाही. पण ती कुठं गेली, की घरातलं काहीतरी मोडायचं. भावाच्या लग्नाला माहेरी जाऊन आली, तर तिचा आरसा फुटलेला. बायकांबरोबर मंडईच्या जत्रेत दंडारीचं नाटक पाहायला गेली, तर पाटाचे तुकडे. विचारलं, तर "पडला असंन" एवढंच उत्तर. शेवटी तिनं जाणंच सोडलं. सातवी शिकलेली, गोड गळ्याची बाई. घरातल्या घरात तिचे केस पिकले.

१९८२ च्या उन्हाळ्यात वासुदेवराव त्या खुर्चीतच गेले. आमच्याकडे माणसानं जिथं जीव सोडला तिथं पीठ पसरून दिवा लावतात, वर टोपली झाकतात. सकाळी पिठावर ज्याचा ठसा दिसेल, त्या रूपात माणूस परत आला असं समजतात. त्या सकाळी टोपली सरकलेली होती, दिवा विझलेला होता आणि पिठात कुत्र्याचे पंजे अगदी स्पष्ट उमटले होते. धानाच्या कोठीमागे एक तांबडं पिल्लू झोपलेलं सापडलं, नाकाला पीठ लागलेलं. वासुदेवरावांची गावातच दिलेली बहीण ताराबाई त्याच्यापुढे आडवीच पडली. "दादा आले व! दादा आले!" गिरणीजवळच्या कुत्रीला तसलीच तांबडी पिल्लं झाली होती, हे सांगायला मी तोंड उघडलं, तर सासूनं कोपर मारलं.

झालं. छपरीतली खुर्ची घरात आली, ती पिल्लाला मिळाली, दूधभात मिळाला. त्याच्यासमोरून जाताना आनंदाबाई डोक्यावरचा पदर सारखा करायची आणि "सरका जी जरासं" म्हणायची. मी हसून बेजार व्हायचे.

ते हसू फार टिकलं नाही. पोळ्यानंतर गावात बालवाडी निघाली आणि शिकलेली बाई म्हणून आनंदाबाईचं नाव लागलं. "जाऊ काय व?" असं तिनं मला विचारलं, तेव्हा तिचा चेहरा लग्न ठरलेल्या पोरीसारखा होता. पहिल्या दिवशी घराला कुलूप लावून गेली आणि दुपारी परतली, तर दिवाणाची गादी फाटून घरभर कापूस. दाराची चौकट खालून कुरतडलेली. दुसऱ्या दिवशी कपाटाचा पाय गेला. मग आरसा पाडला. खुर्चीला मात्र एक दात लागलेला नव्हता. ते पाहिलं आणि माझ्यासारखीच्याही अंगावर काटा आला.

ताराबाईनं निकाल देऊन टाकला, "दादाले तुहं बाहेर जाणं पटून नाही राहिलं."

लाकडाला मिरचीचं पाणी लावा, असं मी सुचवलं. ताराबाई कडाडली, "दादाच्या तोंडाले मिरची?" मग साखळीनं बांधा म्हटलं, तर आनंदाबाईच खाली मान घालून म्हणाली, "नवऱ्याले साखळी कशी बांधू व?" अंगणात ठेवलं, तर कुंपण फोडून तिच्यामागे बालवाडीत गेला आणि पोरं किंचाळत सुटली. ती रोज वेळेआधी पोरांना सोडून धावत घरी यायची, घरात आता काय मोडलं असेल या भीतीनं. दिवाळीच्या आधी तपासणीला आलेल्या बाईंनी साफ सांगितलं, की पुन्हा बालवाडी बंद दिसली तर दुसरीला नेमू.

त्या संध्याकाळी तिनं घराचं कुलूप माझ्या हातात आणून दिलं. "ठेव तूच. जित्ते होते तं नाही जाऊ देल्लं, आता काय जाऊ देतीन."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "काकी, उद्या शेवटचं कुलूप लावा आणि माझ्यासंग मागच्या खिडकीपाशी उभ्या राहा. पाहू तरी तो आत काय करते."

तसं केलं. मला वाटलं होतं, गुरगुर ऐकू येईल. पण आतून बारीक रडल्यासारखा आवाज येत होता. तो दाराशी जायचा, फटीला नाक लावायचा, घरभर फिरायचा आणि पुन्हा दाराशी. सगळं अंग थरथरत होतं, लाळ गळत होती. उंबऱ्यापाशीच मुतला. मग त्यानं चौकट तोंडात धरली, आपण घाबरलो की कोणाचा हात धरतो तशी.

आनंदाबाई खिडकीच्या गजांना धरून कितीतरी वेळ पाहत राहिली. "हा राग नाही व," ती म्हणाली. "हा भेऊन राहिला. मी वापस येतो का नाही, म्हणून भेऊन राहिला." आणि थोड्या वेळानं, "मी जनमभर राग समजत होती." कोणाबद्दल म्हणाली, हे मी विचारलं नाही.

दिवाळीची सुटी कामी आली. ती कुलूप हातात घ्यायची आणि तशीच तांदूळ निवडत बसायची, कुलूप पाहून त्याचं थरथरणं थांबेपर्यंत. मग दार लोटून बाहेर, की लगेच आत. मग विहिरीपर्यंत. मग माझ्याकडे चहा पिऊन परत. परत आल्यावर लाड नाहीत, रागावणं नाही, जशी काही गेलीच नव्हती. सकाळी त्याला तलावाच्या पाळीवर दमेपर्यंत फिरवायची. चावायला बैलाच्या गळ्यातला जुना चामडी पट्टा दिला. ताराबाईला चामडं काही रुचलं नाही, पण बैल दादांचाच होता म्हणून गप्प बसली.

बाहेर पडताना आनंदाबाई दर वेळी म्हणायची, "येतो जी." आणि यायची.

एकदा माझ्याकडे चहा पिता पिता म्हणाली, "त्यायलेबी असंच शिकवाचं होतं. जाऊन येऊन, जाऊन येऊन. मी जाणंच सोडलं, तं भेव तसंच राहिलं."

मला मुळीच पटलं नाही. माणसाला तोंड असतं, त्यानं सांगायचं होतं, असं मी फटकन बोलले. ती हसली नाही की चिडली नाही. "सांगता येत असतं, तं आरसा कायले फोडला असता?" म्हणाली आणि कप विसळायला उठली.

धान कापून झाल्यावर तिला एका बैठकीसाठी लाखांदूरला जावं लागलं. परतीची एसटी चुकली. गावात उतरली तेव्हा दिवेलागण होत आली होती. इतका वेळ तिनं त्याला कधीच एकटं ठेवलं नव्हतं. ती सरळ माझ्याकडे आली, "तू चाल संग," म्हणाली. कुलूप उघडण्याआधी तिनं दाराला कान लावला.

घरात सगळं जागच्या जागी होतं. गादी धड, कपाट धड, आरसा भिंतीवर. तो खुर्चीत पडला होता. त्यानं मान वर केली, शेपटी हलवली, एक लांब जांभई दिली आणि पुन्हा पंजांवर डोकं ठेवून डोळे मिटले.

"सुटल्या काकी तुम्ही!" मी ओरडलेच. उद्यापासून कुठंही जा, कधीही या! ताराबाईला हाक मारून दाखवावंसं वाटत होतं मला.

आनंदाबाई दारातच उभी होती. मग पिशवी खाली ठेवून हळूच खुर्चीजवळ गेली.

"एवढा उशीर काहून झाला, म्हणून नाही विचारत का जी?"

तो झोपला होता. तिनं वाकून पुन्हा विचारलं, "कोठं होती, म्हणून तरी?"

कानसुद्धा हलला नाही. ती तिथंच जमिनीवर बसली. "गेले व," मला म्हणाली. "हे गेले." आणि मोठ्यानं रडू लागली. वैशाखात घर माणसांनी भरलं होतं तेव्हा ती अशी रडली नव्हती. मी जवळ जाऊन बसले.

आवाज ऐकून माझी सासू पदर सावरत धावत आली. "काय झालं व? कोण गेलं?"

"वासुदेवराव," मी म्हटलं.