माळावरचा फक्कीचा गोल

पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर आखलेला गोल जसाच्या तसा होता. फक्त आतली अंडी नव्हती. चौथीची तेवीस मुलं गोलाभोवती उभी होती. डोक्यावर टिटवीची जोडी ओरडत घिरट्या घालत होती. माझ्या शेजारी केंद्रप्रमुख साहेब, म्हणजे आसपासच्या दहाबारा शाळांवर देखरेख करणारे अधिकारी, फोटोसाठी मोबाइल काढून तयार होते.

मी निरवांगीजवळच्या एका वस्तीवर प्राथमिक शाळेत शिकवते. परिसर अभ्यास नुसत्या पुस्तकातून शिकवणं म्हणजे कोरड्या विहिरीत पोहायला शिकवणं, असं माझं जुनं मत आहे. म्हणून उन्हाळ्यात सकाळची शाळा सुरू झाली की दर शनिवारी मुलांना शाळेमागच्या माळावर नेते. कशाला हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, दिसेल ते वहीत लिहायचं. लोक त्या माळाला पडीक म्हणतात. तिथं ससे आहेत, घोरपड आहे, कधी चिंकारा दिसतो आणि जमिनीवर अंडी घालणारे पक्षी तर कितीतरी.

टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडंतिकडं सारते आणि तिथंच अंडी घालते. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. खड्यांमध्ये ती दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत एवढंच त्यांचं संरक्षण. हे सगळं मीच मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं.

आदल्या शनिवारी ती अंडी राणीनं दाखवली. राणी धनगराची, तिचे आबा याच माळावर मेंढरं चारतात. ती एकदम थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पुढं पाय टाकू नका." माझ्या पायापासून दोन पावलांवर चार अंडी होती. मला इतका आनंद झाला की मी लगेच एकाला शाळेत पिटाळलं आणि फक्की मागवली. फक्की म्हणजे खो-खोचं मैदान आखायची पांढरी पूड.

"कशाला, मॅडम?" राणीनं विचारलं.

"सोमवारी साहेब येणार आहेत. कुणाचा पाय पडायला नको."

"नका टाकू. आमचे आबा तितं धोंडाबी ठिवत न्हायत. मेंढरं वळवत्यात आन् माघारी बघतबी न्हायत. त्यांनी बघितलं की कुत्रं बघतंय."

"अगं, अभ्यास करायचा तर खूण करावीच लागते," मी म्हणाले आणि गोल आखला.

पाय पडू नये हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की साहेबांना उन्हात शोधत फिरायला लागू नये आणि फोटो चांगला यावा. आमची शाळा कमी पटाची, कधी बंद होईल सांगता येत नाही अशी. चार चांगले फोटो वर गेले तर बरं, असा माझा हिशेब होता.

सोमवारी फक्कीवर कावळ्याच्या पायांचे ठसे उमटले होते. आत जाणारे आणि बाहेर येणारे. मधे एक फुटकं कवच होतं आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"कावळ्यानं खाल्ली का, मॅडम?" एकानं विचारलं.

"हो."

"त्याला कशी दिसली?"

सगळी माझ्याकडं बघायला लागली. राणी तेवढी खाली बघत होती.

"मी दाखवली," मी म्हणाले.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, मुलांसमोर असं बोलू नये. जवळपास दुसरं घरटं असेल की. पोरं शोधतील."

"नको, साहेब."

"मग अहवालात नैसर्गिक कारणानं नुकसान झालं, असं लिहा."

"फक्की नैसर्गिक नाही."

"तुम्हाला खुलासे द्यायची हौस दिसते."

मी खरं ते लिहिलं. खुलासा मागवला गेला, तो दिला. वर्ष संपेपर्यंत माळावर जाणं बंद झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण लाज फार वाटली, आणि ती साहेबांची नाही, राणीची. तिनं साध्या शब्दांत सांगितलं होतं. ती नऊ वर्षांची म्हणून मी ऐकलं नाही.

त्या दिवशीच्या तिच्या वहीत दोन ओळी होत्या. शनिवारी अंडी चार. सोमवारी एकही नाही. कारणाचा रकाना तिनं मोकळा सोडला होता. तो मी लाल शाईनं भरला.

एप्रिलमध्ये माळाच्या पलीकडच्या अंगानं टिटवी पुन्हा ओरडायला लागली. वर्गात बसून ऐकू यायचं. एका सकाळी मी राणीला विचारलं, "परत घातली का गं अंडी?"

"न्हाय, मॅडम." ती माझ्याकडं बघत म्हणाली. बाकीच्या बावीस जणांनी पुस्तकात डोकी घातली. मी पुढचा धडा काढायला सांगितला.

जूनमध्ये ती आबांबरोबर दाखला न्यायला आली. पाचवीला ती गावातल्या मोठ्या शाळेत जाणार होती. मी दाखला लिहीत होते, तेव्हा ती टेबलाजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, चार व्हती. चारी निघाली."

"कधी?"

"सुट्टीत. पिल्लं लगीच पळत्यात."

"मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालीस?"

तिनं आबांकडं पाहिलं. आबा टोपी काढून भिंतीवरचा नकाशा बघत होते.

"तुमी परत साहेबांना आणलं असतं," ती म्हणाली.

आणलं असतं. ते खरंच होतं. दाखल्यावर वर्तणुकीचा एक रकाना असतो. माझ्या तोंडावर खोटं बोललेल्या मुलीची वर्तणूक मी 'उत्तम' लिहिली आणि सही केली.

माळावर आता पुन्हा जातो. मुलांना नियम तेच आहेत. एक नवा नियम मी माझ्यापुरता केला आहे: माळ ओळखणारं मूल नको म्हणालं, तर मॅडमनी गप्प बसायचं.